दुसरा इको

फुफींच्या फायलीत इकोचा एकच पूर्ण कागद आहे, भरती झाल्या त्या दिवशीचा. त्यावर हृदयाचं पंपिंग ४५ टक्के असल्याचं लिहिलंय. हा आकडा आमच्या घरात सगळ्यांना पाठ झाला होता. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी सलाम करायचा आणि मग विचारायचा, "पंपिंग कितना है?" पंचेचाळीस म्हटलं की समोरचा मान हलवून म्हणायचा, माझ्या साडूचं तर तीसच होतं, तरी तो आज शेतात जातोय. दोन दिवस आम्ही याच आकड्यावर निर्धास्त होतो.

मागच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. रविवारी पहाटे फुफींना पोटाच्या वरच्या भागात दुखायला लागलं, घाम सुटला, दोन उलट्या झाल्या. वय चौसष्ट, साखरेचा आजार जुना. "कुछ नहीं रे, पित्त हुवा है," म्हणाल्या. मेडिकलवाल्याने पित्ताच्या गोळ्या दिल्या. मंगळवारी दुपारी कुणीतरी ईसीजी काढायला सांगितलं तेव्हा कळलं की हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका येऊन दोन दिवस झालेत. दुखणं अजून थांबलं नव्हतं, म्हणून जिल्ह्याच्या गावी नेलं आणि त्याच संध्याकाळी स्टेंट पडला. बुधवार, गुरुवार बरे गेले. शुक्रवारी जुम्यानंतर अर्धं गाव भेटायला आलं, खजूर आले, झमझमची बाटली आली. रात्री नऊच्या सुमारास त्यांना एकाएकी धाप लागली.

रात्रपाळीच्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, लघवीचं इंजेक्शन दिलं. एक्स-रे काढला. त्यात उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पांढरं दिसलं, तेव्हा न्यूमोनिया असावा म्हणून अँटिबायोटिक सुरू झालं. इकोचं मशीन खालच्या मजल्यावर खोलीत कुलूपबंद होतं. ते चालवणारे डॉक्टर सकाळी दहानंतर येत. शनिवारी अकरा वाजता इको झाला, जेमतेम दोन मिनिटांचा. डावीकडच्या झडपेला धरून ठेवणारा स्नायू तुटला होता आणि झडपेचं एक पान वाऱ्यावरच्या फडक्यासारखं मागे-पुढे उडत होतं. ऑपरेशन होईल असं ठिकाण पाच-सहा तासांवर. ॲम्ब्युलन्सची जुळवाजुळव चालू असतानाच, असरच्या आधी, फुफी गेल्या. त्या दुसऱ्या इकोचा रिपोर्ट टाइपसुद्धा झाला नाही.

मी डॉक्टर नाही. घरात असं काही घडलं की माणूस रात्र-रात्र वाचत बसतो, ओळखीच्या डॉक्टरांना भंडावून सोडतो, तसं मी केलं. आणि रात्री नऊ ते सकाळी अकरा हे चौदा तास माझ्या डोक्यातून जात नाहीत, म्हणून हा लेख.

हार्ट अटॅक म्हणजे रक्तवाहिनी बंद पडणं आणि स्टेंट म्हणजे ती उघडणं, इतकं आता आपल्याकडे सगळ्यांना कळतं. स्टेंट पडला, पेढे वाटले, विषय संपला. पण वाहिनी उघडेपर्यंत जो मांसाचा तुकडा मेला, त्याचं पुढे काय होतं हे कुणी सांगत नाही. तो मेलेला भाग तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास सर्वांत मऊ असतो. शरीराच्या पेशी मेलेलं मांस साफ करत असतात आणि नवा, घट्ट व्रण तयार व्हायला अजून सहा-आठ आठवडे असतात. मराठवाड्यात ज्यांनी मातीची घरं पाहिली आहेत त्यांना हे पटकन समजेल. भिंत भर पावसात पडत नाही. झड थांबते, ऊन पडतं, आपण निवांत होतो आणि त्या दुपारी ती बसते.

हृदयात अशा तीन जागा आहेत. पहिली म्हणजे बाहेरची भिंत. ती फुटली की रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साचतं आणि हृदयच आवळलं जातं. बहुतेकदा सारं काही मिनिटांत संपतं, पण काही रुग्णांत ते थेंबथेंब झिरपतं. माणूस अस्वस्थ होतो, मळमळतं, बीपी थोडं पडतं आणि परत येतं. या झिरपण्याच्या काळात कुणी पाहिलं तर हातात काही तास असतात. कधी कधी ती पिशवीच फुटलेली जागा झाकून ठेवते आणि आत फुगा तयार होतो. असा माणूस घरीही जातो आणि फुगा नंतर केव्हातरी फुटू शकतो. दुसरी जागा म्हणजे दोन कप्प्यांमधला पडदा. त्याला भोक पडलं की डावीकडचं रक्त उजवीकडे घुसतं आणि फुप्फुसांवर लोंढा येतो. तिसरी जागा फुफींची. डाव्या झडपेच्या दोऱ्या दोन स्नायूंना बांधलेल्या असतात. त्यातल्या एकाला सहसा दोन वाहिन्यांतून रक्त मिळतं, तर मागच्या बाजूच्या दुसऱ्याला बहुधा एकाच वाहिनीतून. म्हणून खालच्या भिंतीच्या झटक्यात तो मागचाच स्नायू बहुतेक तुटतो, आणि झटका फार मोठा नसतानाही तुटतो. फुफींचं पंपिंग ४५ होतं ते यामुळेच, आणि म्हणूनच त्या आकड्यात आम्हाला काही कळण्यासारखं नव्हतं. स्नायू तुटल्यावर तर पंपिंग वरकरणी चांगलंच दिसतं, कारण हृदय जोरात आकुंचन पावत असतं. फक्त रक्त पुढे जाण्याऐवजी उलटं फुप्फुसांत जात असतं. उलट्या धारेचा रोख बऱ्याचदा उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागाकडे असतो, त्यामुळे पाणी एकाच बाजूला जास्त दिसतं आणि ते न्यूमोनियासारखं वाटतं. हे मला नंतर वाचताना कळलं. कळलं त्या रात्री मी ती एक्स-रेची फिल्म काढून पुन्हा खिडकीवर धरून पाहिली.

स्टेथोस्कोपने कळत नाही का? पडद्याला भोक पडलं असेल तर बहुतेकदा कळतं. छातीवर मोठा, खरखरीत आवाज येतो, हाताला थरथरही लागते. पण स्नायू पूर्ण तुटला असेल तर आवाज मंद असू शकतो किंवा येतच नाही, कारण दोन्ही कप्प्यांतला दाब झटकन सारखा होतो. म्हणजे आजार जितका भयंकर तितका तो गप्प. इथे इकोला पर्याय नाही. रंगीत डॉपलर लावलं की रक्त कुठून कुठे जातंय ते पडद्यावर दिसतं. भोक की झडप की बाहेरचं पाणी, याचा निकाल खाटेवरच, रुग्णाला न हलवता लागतो.

या यंत्राची जन्मकथा मला आवडते. स्वीडनमधल्या लुंड गावात इंगे एडलर नावाचे हृदयतज्ज्ञ होते आणि हेलमुट हर्ट्झ नावाचे भौतिकशास्त्रज्ञ. जहाजबांधणीत पोलादातल्या भेगा शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरत. हर्ट्झ यांनी ते शेजारच्या माल्मो शहरातल्या जहाजाच्या कारखान्यातून उसनं आणून स्वतःच्या छातीला लावून पाहिलं. पुढे १९५३ च्या ऑक्टोबरात दोघांनी धडधडत्या हृदयाची पहिली नोंद घेतली. पोलादातली भेग शोधणाऱ्या यंत्राने माणसाच्या हृदयातली भेग सापडते, यात नवल असं काही नाही. नवल याचं आहे की सत्तर वर्षं उलटून गेल्यावरही आपल्याकडे ते यंत्र रात्री कुलपात असतं.

पडद्यातल्या भोकावरून आठवलं. तेराव्या शतकात, १२४२ च्या सुमारास, इब्न अल-नफीस यांनी लिहिलं होतं की दोन कप्प्यांमधला पडदा भरीव आहे, त्यात डोळ्याला दिसणारी किंवा न दिसणारी कसलीही छिद्रं नाहीत आणि रक्त फुप्फुसांतूनच पलीकडे जातं. हजार वर्षं मानला गेलेला गॅलेनचा सिद्धांत त्यांनी खोडला. त्यांचं हस्तलिखित १९२४ साली बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन डॉक्टरला सापडलं, तोपर्यंत जगाला याचा पत्ता नव्हता. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "मुस्लिमांनी जगाला काय दिलं" या यादीत हे नाव दर महिन्याला फिरतं. फिरू दे. पण इब्न अल-नफीस यांचा अभिमान बाळगणाऱ्या याच ग्रुपवर, फुफी गेल्या त्या रात्री, एकानेही विचारलं नाही की त्या नेमक्या कशाने गेल्या. "मर्ज़ी अल्लाह की" एवढंच सगळ्यांनी लिहिलं.

मर्जी अल्लाहची, हे मीही मानतो. पण तवक्कुलच्या आधी उंट बांधायचा असतो, ही गोष्ट आपल्यातल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत आहे. दवाखान्यात मात्र आपण उंट मोकळा सोडतो आणि नंतर सब्र करतो. का झालं, केव्हा कळायला हवं होतं, कुणी काय पाहिलं नाही, हे विचारणं म्हणजे तकदीरशी भांडणं नव्हे. पुढच्या घरातल्या माणसासाठी ते विचारावं लागतं.

आता आमच्याकडूनच राहिलेली गोष्ट लिहितो. भरतीच्या दिवशी इको करणारे डॉक्टर पुरुष होते. इकोसाठी डाव्या कुशीवर झोपावं लागतं, छातीची डावी बाजू उघडी करावी लागते, तिथे जेल लावून प्रोब दाबून फिरवावा लागतो. फुफी तयार होईनात. माझ्या चुलतबहिणीने समजावून कशाबशा तयार केल्या, पण ओढणी हातात घट्ट धरूनच. तपासणी घाईत उरकली. शुक्रवारी रात्री धाप लागली तेव्हा त्याच बहिणीने सिस्टरला विचारलं होतं की पुन्हा इको करायचा का, तर आमच्यातलेच एक वडीलधारे म्हणाले, "रात के वक़्त काय को परेशान करते उनको, सुबह देखेंगे." बोलणारे दवाखान्यातले नव्हते, आमचेच होते.

फिकहच्या साऱ्या मसलकांत उपचाराची गरज असेल तेव्हा गरजेपुरता पडदा बाजूला करायला मुभा आहे. स्त्री डॉक्टर मिळाली तर आधी ती, नाही मिळाली तर पुरुष. यात वाद नाही. तरी हे आमच्या मशिदीत बयानमध्ये मी कधी ऐकलेलं नाही. पायजम्याच्या लांबीवर मात्र तासभर ऐकलंय. इमामसाहेबांनी एखाद्या जुम्याला पाच मिनिटं यावर बोलावं, इतकीच विनंती आहे. हा प्रश्न फक्त आपल्या बायकांचा आहे असंही नाही. फुफींच्या शेजारच्या खाटेवर एक लिंगायत आजी होत्या, त्यांनीही पदर सोडला नव्हता. ईसीजीच्या चकत्या त्यांच्या सुनेने पदराखालून लावल्या. म्हणून दवाखान्यांनाही सांगणं आहे. पुढून उघडणारा गाऊन, ओढायचा पडदा आणि तपासणीच्या वेळी एक सिस्टर सोबत, एवढं केलं तर अर्धा संकोच तिथेच जातो. यात खर्च तो किती? हृदय फाटण्याच्या या प्रकारांचा धोका कुणाला जास्त असतो तर वय झालेल्यांना, पहिल्याच झटक्याला, उशिरा आलेल्यांना आणि त्यातही पडदा व बाहेरची भिंत फाटण्याचा धोका बायकांना जास्त. आमच्या घरातली पित्त समजून दोन दिवस काढणारी बाई म्हणजे अगदी हीच.

एका ओळखीच्या डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शंभरात एकालाही होत नाही असं काही शोधायला रोज प्रत्येकाचा इको करायचा का?" प्रश्न रास्त आहे. लवकर स्टेंट टाकण्याच्या या काळात असे प्रकार शेकडा एकाहूनही कमी रुग्णांत होतात. शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांत गरज नसताना इको करून बिल वाढवलं जातं, तेही मी पाहिलंय, त्याची वकिली मला करायची नाही. माझं म्हणणं एवढंच की झटक्यानंतर सावरलेला माणूस पहिल्या आठवड्यात अचानक बिघडला, म्हणजे धाप लागली, बीपी पडलं, नवा आवाज आला, बेचैनी वाढली किंवा चक्कर येऊन कोसळला, तर त्याच तासाला इको व्हावा. औषध देऊन बघू, सकाळपर्यंत थांबू, असं त्या वेळी म्हणू नये. आणि घरी सोडण्याआधी एकदा नीट, सावकाश व्हावा. समोरच्या भिंतीच्या मोठ्या झटक्यात हृदयाच्या टोकाशी रक्ताची गुठळी बसते. ही काही तितकी दुर्मीळ नाही. ती पहिल्या दिवशी दिसत नाही, पुढच्या दोन आठवड्यांत तयार होते आणि सुटून मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू होतो. दिसली तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही महिने देऊन ती विरघळवता येते. पहिल्या दिवसाच्या कागदावर विसंबणाऱ्याला ती कशी दिसणार?

त्याच डॉक्टरांचा दुसरा प्रश्न जास्त टोचला. "समजा रात्री दहाला कळलं असतं, तर काय केलं असतं? सर्जन होता का तुमच्या जिल्ह्यात?" नव्हता. आणि ऑपरेशन झालं असतं तरी फुफी वाचल्या असत्या असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. तुटलेल्या स्नायूच्या ऑपरेशनमध्येही पाचातला एखादा, कधी दोघेही दगावतात. पडद्याच्या भोकात त्याहून जास्त. पण ऑपरेशनविना तुटलेल्या स्नायूचे साधारण निम्मे रुग्ण पहिल्या चोवीस तासांतच जातात, त्यामुळे यातले चौदा तास न्यूमोनियाच्या औषधात घालवणं म्हणजे काय ते कळेल. रात्री दहाला कळलं असतं तर महाधमनीत फुग्याचा पंप बसवून हृदयावरचा भार कमी करता आला असता किंवा त्यासाठी तरी पुढे पाठवता आलं असतं. ॲम्ब्युलन्स पहाटे निघाली असती. चुकीचं औषध थांबलं असतं, कारण हृदयाभोवती रक्त साचलेल्या माणसाला लघवीचं इंजेक्शन देणं किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू ठेवणं त्याला खाली ढकलण्यासारखं असतं. आणि यातलं काहीच जमलं नसतं, तरी फुफींच्या मुलाला रात्रीच खरं सांगता आलं असतं. तो "न्यूमोनिया आहे, दोन दिवसांत उतरेल" ऐकून घरी झोपायला गेला होता.

यंत्र खाटेपाशी का येत नाही असं विचारलं की आणखी एक उत्तर मिळतं, गर्भलिंगनिदानविरोधी कायदा. सोनोग्राफीचं यंत्र, मग ते हृदयाचं का असेना, नोंदवावं लागतं. इकडून तिकडे हलवलं तर भानगड, असं सांगतात. या कायद्याच्या मी पूर्ण बाजूने आहे. महाराष्ट्राने तो देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये केला आणि तरी २०११ च्या जनगणनेत आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या. तिथे सैल सोडून चालणार नाही. पण नियम वाचले तर दिसतं की नोंदलेल्या आवारात, तिथेच भरती असलेल्या रुग्णांसाठी हलतं यंत्र वापरायला परवानगी आहे. तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावरच्या आयसीयूत नेण्यात कायदा आड येत नाही. आड येतं ते कुलूप, आणि रात्री ते यंत्र हाती घेऊ शकेल असा माणूस नसणं. रात्रपाळीच्या डॉक्टरने हृदयतज्ज्ञ व्हावं असं कुणी म्हणत नाही. हृदयाभोवती पाणी आहे का, झडप फडफडते आहे का, रंग भलतीकडे जातोय का, एवढं पाहण्याचं प्रशिक्षण त्याला देता येतं, बऱ्याच ठिकाणी देतातही. शंका आली तर मोबाइलवर चित्रफीत तज्ज्ञाला पाठवता येते. आमच्याकडे लग्नाच्या वरातीची चित्रफीत पाच मिनिटांत दुबईला पोचते.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून गरिबांना स्टेंट मिळतो, ही मोठीच गोष्ट आहे, फुफींनाही तो त्यातूनच मिळाला. पण स्टेंटबरोबरच रात्रीचा इको कुठे होतो हेही त्या दवाखान्याला योजनेने विचारलं पाहिजे. जिथे होत नाही तिथे स्टेंट टाकू नये असं मी म्हणणार नाही, नाहीतर आहे तेही जाईल. पण तिथून बिघडलेला रुग्ण कुठे, कुणाला फोन करून, किती वेळात पाठवायचा हे भिंतीवर लिहिलेलं असावं. शनिवारी अकरा ते तीन आम्ही स्वतः फोन करत होतो, दर वेळी वेगळ्या माणसाला.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका चाचांना झटका आला. तिसऱ्या रात्री त्यांचं बीपी पडलं आणि श्वास चढला. त्यांच्या मुलाचा मला फोन आला, मी म्हटलं, इको करा म्हण, आत्ता. तिथले डॉक्टर जरा वैतागले, पण त्यांनी यंत्र वर आणलं. झडप ठीक, पडदा ठीक, पाणी नाही. औषधाचा डोस जास्त झाला होता, तो कमी केला, सकाळपर्यंत चाचा उठून बसले. घरी आल्यावर मुलाने बिल मला व्हॉट्सॲपवर पाठवलं, इकोच्या रकमेभोवती लाल गोल करून. मी त्याला ती रक्कम देऊ केली. तो म्हणाला, "नाही भाई, नुसतं दाखवलं."